जे वाजत नाही ते

घाटंजीच्या बाजाराच्या मागच्या वस्तीत उकंडा भगत राहतो. वय बासष्ट. तीन वर्षांचा असताना देवी आल्या आणि दोन्ही डोळे गेले. पुढे अंधांच्या शाळेत सात-आठ वर्षं काढली, तिथं तो वेताच्या खुर्च्या विणायला शिकला. तहसिलीच्या, कोर्टाच्या, शाळांच्या खुर्च्या त्यानं पस्तीस वर्षं विणल्या. तालुक्याला साहेब कोणताही येवो, बसतो तो माझ्याच विणीवर, असं तो सांगायचा आणि स्वतःच हसायचा. मग प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि काम संपलं. वेतानं बोटांची टोकं मात्र लाकडासारखी करून ठेवली. शाळेत शिकलेली ब्रेल त्या बोटांना लागेनाशी झाली. कागदावर ठिपके आहेत एवढं कळायचं, कोणते ते कळायचं नाही.

पण वस्तीत त्याला कोणी खुर्च्यावाला म्हणत नाही. वाचक म्हणतात.

त्याचं असं झालं. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी वंदना होते, आणि वंदनेनंतर ग्रंथाची चार-पाच पानं मोठ्यानं वाचली जातात. हे वाचन डोमाजी गुरुजी करायचे. ते वारले त्या वर्षी वाचायला माणूस मिळेना. कोणाची ड्युटी आडवी यायची, कोणाचा चष्मा घरी राहायचा, कोणी जोडाक्षराशी अडायचा. तिसऱ्या दिवशी मागच्या रांगेतून उकंडा म्हणाला, "मी वाचतो." लोक हसले. त्याची बायको मथुराबाईही पदर तोंडाला लावून हसली.

त्याच्याजवळ यवतमाळच्या एका संस्थेनं दिलेलं पुस्तक ऐकायचं यंत्र होतं. विटेएवढं, वर मोठी मोठी बटणं. त्यातल्या कार्डावर तो ग्रंथ अख्खा बोलून ठेवलेला होता. दुसऱ्या दिवशी उकंडा आसनावर बसला, डाव्या कानात इअरफोन घातला आणि वाचायला लागला. कानात वाक्य ऐकायचं, मधलं बटण दाबून यंत्र थांबवायचं, आणि तेच वाक्य आपल्या आवाजात लोकांना सांगायचं. कोणी खोकलं, बाहेरून ट्रॅक्टर गेला, वाक्य निसटलं, तर डावीकडचं बटण एकदा दाबायचं. यंत्र बरोबर त्याच वाक्याच्या तोंडाशी येऊन थांबायचं. दोनदा दाबलं तर दोन वाक्यं मागं. उद्या कोणत्या पानापासून सुरुवात, तेही यंत्रालाच सांगून ठेवायचं.

पहिले आठ-पंधरा दिवस लोक गंमत पाहायला आले. नंतर ऐकायला यायला लागले. डोमाजी गुरुजी वाचायचे ते पाठ म्हटल्यासारखं. उकंडा वाक्य आधी स्वतः ऐकायचा, क्षणभर तोंडात धरायचा, मग द्यायचा. त्या क्षणभरात सगळं विहार गप्प असायचं. अकरा वर्षं तो वाचत होता. वस्तीत कोणाचं लग्न जुळलं, कोणाला नोकरी लागली, तर लोक त्याच्या दाराशी थांबून सांगून जायचे. आंधळ्या माणसाला कोणी असं मुद्दाम थांबून सांगत नाही. उकंडाला ते ठाऊक होतं. त्या आसनामुळं आपण वस्तीत माणसासारखे मोजले जातो, हे तो कधी बोलला नाही, पण विसरलाही नाही.

यंत्राच्या आत जे गृहस्थ वाचायचे त्यांना तो आतले गुरुजी म्हणायचा. आवाज थोडा नाकातला. प्रकरण संपलं की ते घोटभर पाणी प्यायचे, तेही ऐकू यायचं. त्यांचं नाव त्यानं कधी विचारलं नव्हतं.

या वर्षी जेठात त्या यंत्राची बॅटरी फुगली, पाठ उकलली आणि ते बंद पडलं. तसली बॅटरी आता मिळत नाही, असं दुकानात सांगितलं. उकंडा मथुराबाईला घेऊन एसटीनं यवतमाळला गेला. संस्थेत रत्नप्रभाताई म्हणून एक बाई आहेत, पंधरा-वीस वर्षं हेच काम पाहतात. त्यांनी कपाटातून नवीन यंत्र काढून त्याच्या हातात ठेवलं. तळहातावर मावेल एवढं.

"उकंडराव, हे जुन्यापेक्षा चांगलं आहे. फक्त याला तुमचं ते जाडं कार्ड चालत नाही, नखाएवढं लागतं. हे घ्या. जुनं कार्ड आणलंय का? आत्ताच उतरवून देते."

कार्ड त्यानं आणलं नव्हतं. बसच्या गर्दीत कुठं पडेल म्हणून डब्यात घालून घरीच ठेवलं होतं.

"हरकत नाही," ताई म्हणाल्या. "घाटंजीत कोणाकडूनही उतरवून घ्या. एकच सांगते, पुस्तकाचं फोल्डर जसंच्या तसं टाकायचं. आतलं काही हलवायचं नाही."

"हो ताई."

घाटंजीच्या बसस्टँडसमोर फुलचंदचं मोबाइलचं दुकान आहे. फुलचंद पन्नाशीचा, उकंडाशी जुनी ओळख. त्यानं जाडं कार्ड कॉम्प्युटरला लावलं आणि पडद्यावरची यादी खालपर्यंत पाहत नेली.

"उकंडाभाऊ, याच्यात तं लय कचरा हाय ना बाप्पा."

"कायचा कचरा?"

"हजार-बाराशे बारक्या बारक्या फायली. एकही वाजत नाई. वाजते त्या फक्त पन्नासेक. वायरस तं नाई शिरला?"

"अजाबात वाजत नाई?"

"दाबून पाह्यलं ना. मुक्या हायेत सगळ्या. ठेवू का काढू?"

उकंडानं फार विचार केला नाही. साठ वर्षं तो जग एकाच मापानं मोजत आला होता. जे आवाज करतं ते आहे. जे आवाज करत नाही, त्याची फक्त ठेच लागते.

"जे वाजत नाई ते मले काय कामाचं?" तो म्हणाला. "काढून टाक."

"आधी जुनंच साफ करतो, मंग नव्यावर टाकतो. एकदम चकाचक." फुलचंदनं कामाचं काही घेतलं नाही. उलट चहा पाजला.

घरी येऊन उकंडानं बटण दाबलं आणि आतल्या गुरुजींचा तोच नाकातला आवाज आला. त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं इअरफोन काढून मथुराबाईच्या कानात घातला. मग तो सरावाला बसला. एक वाक्य ऐकलं, थांबवलं, म्हटलं. दुसरं निसटलं. सवयीनं डावीकडचं बटण दाबलं. प्रकरण पहिल्यापासून सुरू झालं.

वाटलं, बोट चुकलं. पुन्हा करून पाहिलं. पाऊण तासाचं प्रकरण, आणि कुठंही असलं तरी डावं बटण दाबलं की पहिलं वाक्य. पान सांगावं तर यंत्र म्हणे, पानं नाहीत. त्यानं रत्नप्रभाताईंना फोन लावला.

ताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "आवाजाच्या फायलींबरोबर पुष्कळ बारक्या फायली असतात, उकंडराव. वाक्य कुठं सुरू होतं, पान कुठं बदलतं, ते सगळं त्यांत लिहिलेलं असतं. त्या नसतील तर यंत्राला ते पुस्तक नाही, नुसती गाणी वाटतात. त्या आहेत ना तुमच्या कार्डात?"

 मुक्या हायेत सगळ्या, असं फुलचंद म्हणाला होता.

"हायेत ताई," तो म्हणाला.

"जसंच्या तसं टाकलं होतं?"

"जसंच्या तसं."

"मग यंत्रातच दोष दिसतोय. मी कंपनीला लिहिते. दुसरं मागवू आपण."

फोन ठेवून तो खाटेच्या कडेवर बसला. आपण खोटं का बोललो हे त्याचं त्यालाच सांगता येईना. ताईंनी बजावून सांगितलं होतं. एवढं साधं सांगितलेलं ज्याला कळत नाही, त्याला यंत्र कशाला द्यावं, असं त्या म्हणाल्या असत्या, असं त्याला वाटलं. त्या तसं कधी कोणाला म्हणाल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी काठी टेकत तो एकटाच फुलचंदकडं गेला. "त्या मुक्या फायली परत आण."

"भाऊ, कार्डावरून काढलं ते गेलं. कॉम्प्युटरच्या टोपलीत पडत नाई ते."

"जुन्या कार्डावर असन ना."

"तेच तं आधी साफ केलतं." फुलचंदनं तरी खूप खटपट केली. दुपारपर्यंत काय काय लावून पाहिलं. काही फायलींची नावं परत आली, पण आत काहीच नव्हतं. "तुमीच म्हटलं काढ म्हणून," तो हळूच म्हणाला.

"मीच म्हटलं," उकंडा म्हणाला.

पौर्णिमेला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत त्या घरात दुसरं काही झालं नाही. सकाळी मथुराबाई भाकरी टाकायला बसली की तो यंत्र घेऊन बसायचा. आता डाव्या बटणाला हातच लावायचा नाही, असं त्यानं ठरवलं. नुसतं मधलं बटण. पण नवं यंत्र थांबायला अर्धा क्षण जास्त घ्यायचं, तेवढ्यात पुढच्या वाक्याचे दोन शब्द कानात यायचे आणि मागच्या वाक्याचं शेपूट डोक्यातून पडायचं. आणि बोट अकरा वर्षांचं शिकलेलं. डोकं नको म्हणायचं आणि बोट डावीकडं जायचं. त्यानं डाव्या बटणावर चिकटपट्टी लावली, तर घामानं ती सरकली. मग पहिल्या दिवसाची चार पानं पाठच करू म्हणाला. एक पान पाठ झालं की आधीचं विरून जायचं.

"वो, आयकलं का," चौथ्या दिवशी मथुराबाई म्हणाली. "ते एकच वाक्य सकाळपासून चाळीस खेपा म्हटलं तुमी. मले पाठ झालं. मीच जाऊन बसतो आसनावर."

तो हसला नाही. तिनं चुलीतलं लाकूड मागं सारलं आणि त्याच्याजवळ येऊन बसली.

"मशीन खराब हाय म्हणता ना. मंग एवढा जीव कायले जाळता? येईन दुसरी."

तिलाही त्यानं सांगितलं नव्हतं.

सहाव्या दिवशी राजदीप आला. हा विहार समितीचा सचिव, पंचायत समितीत बाबू आहे. माणूस कामाचा, पण अर्ज लिहायची भारी हौस. नळाला पाणी नाही, अर्ज. खांबावर दिवा नाही, अर्ज. वस्तीत गमतीनं म्हणायचे की राजदीपच्या घरी भाजी खारट झाली तरी तो अर्ज देतो.

"जयभीम काका. तयारी कुठवर आली?"

"जयभीम. मशीन बराबर नाई ना बाप्पा. मागं जात नाई."

"नवीन मशीन आन् बराबर नाई? कोणं देल्ली?"

"संस्थेतून. रत्नप्रभाताईनं."

"खराब माल गळ्यात मारला म्हणा ना सरळ. आंधळा माणूस काय बोलन, असं वाटलं असन त्या बाईले."

"तसं नाई रे. बाई चांगली हाय."

"तुमाले सारेच चांगले वाटते, काका. असूद्या. पौर्णिमेच्या दिवशी सारी वस्ती जमते. अर्ज तयार ठेवतो. संस्थेच्या अध्यक्षाले एक, समाजकल्याणले एक. तुमी पह्यला अंगठा द्या, बाकीच्यायच्या सह्या मी घेतो."

उकंडानं नको म्हणायला तोंड उघडलं. नको म्हटलं तर का म्हणून विचारलं असतं. तो म्हणाला, "पाह्यजो मंग."

पौर्णिमेच्या संध्याकाळी विहार भरलं. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मागं पोरासोरांचा कालवा. मेणबत्त्यांचा वास आला. वंदना झाली. सगळ्यांबरोबर उकंडानंही पंचशील म्हटलं, आणि चौथ्या शीलाला, खोटं बोलण्यापासून दूर राहीन असं जिथं म्हणतात तिथं, त्याचा आवाज बसला. शेजारच्याला वाटलं, घसा धरला आहे.

मग तो आसनावर बसला आणि कानात इअरफोन घातला.

पहिलं वाक्य ठीक गेलं. दुसरंही गेलं. तिसऱ्याला मागं कोणाचं तरी लेकरू रडलं, वाक्य अर्धं निसटलं, आणि त्याच्या बोटानं अकरा वर्षं केलं तेच केलं. कानात आतले गुरुजी प्रकरणाचं नाव सांगायला लागले. त्यानं पुन्हा पहिलं वाक्य म्हटलं. लोकांना वाटलं, मुद्दाम म्हणतो. मग दुसरं. मग पुन्हा तिसऱ्याशी अडला. आता रडणारं लेकरूही कोणी बाहेर नेलं होतं आणि विहार इतकं गप्प होतं की पंख्याचा आवाज येत होता. तो गप्पपणाच त्याला सहन होईना. त्यानं मधलं बटण दाबलं, चाललं, दाबलं, चाललं, आणि कानातला आवाज त्याला सोडून पुढं पुढं निघून गेला. तिसऱ्यांदा तो पहिल्या वाक्यावर आला, तेव्हा मागच्या रांगेत कोणीतरी कुजबुजलं, "म्हातारा थकला आता."

त्यानं इअरफोन काढला.

"थांबा काका," राजदीप उठून उभा राहिला. "यायचा काही दोष नाई, लोकहो. मी आयकवतो तुमाले." आणि त्यानं खिशातून कागद काढून अर्ज वाचला. त्यात रत्नप्रभाताईंचं नाव होतं. अंध व्यक्तीची फसवणूक, निकृष्ट साहित्य, सखोल चौकशी, असं सगळं होतं. अर्ज राजदीप छान वाचत असे. लोकांनी माना हलवल्या. मग त्यानं कागद पाटीवर लावून उकंडाच्या मांडीवर ठेवला आणि शाईची डबी उघडली.

"द्या अंगठा."

अकरा वर्षं ग्रंथ वाचणाऱ्या माणसाला सही नव्हती, अंगठाच होता. राजदीपनं त्याचं मनगट धरलं. उकंडानं हात मागं ओढला.

"मशीन चांगली हाय," तो म्हणाला.

"काय म्हटलं?"

"मशीन चांगली हाय म्हटलं. मी बिघडवलं. पुस्तकाच्या आतल्या फायली मीच काढाले लावल्या. जे वाजत नाई ते काढ म्हटलं फुलचंदले. ताईनं सांगतलं होतं हात लावू नका म्हणून. मी ताईले खोटं बोललो. तुले बोललो. हिलेही बोललो."

बायकांच्या बाजूनं बांगड्या वाजल्या. त्या मथुराबाईच्या होत्या हे त्याला कळलं.

"मंग आठ दिवस सांगतलं काहून नाई?" राजदीपचा आवाज चढला नव्हता, उलट पडला होता.

"भेलो."

"कोणाले?"

"ही जागा जाईन म्हणून भेलो."

 राजदीपनं अर्ज पाटीवरून सोडवला, चार घड्या करून खिशात घातला. "तीन प्रती काढल्या होत्या," तो स्वतःशीच म्हणाला. मग विचारलं, "आता ग्रंथ कोण वाचन?" डोळे सगळ्यांना होते. हात कोणाचा वर आला नाही. शेवटी त्यानंच कपाटातून ग्रंथ काढला. उकंडा हातानं आसनाची कड चाचपत खाली उतरला आणि जिथं मोकळी जागा लागली तिथं चटईवर बसला.

सकाळी त्यानं यवतमाळला फोन लावला आणि सगळं सांगितलं. 

"उकंडराव," ताई म्हणाल्या, "हे तुम्ही मला त्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"चुकलं ताई."

"तसं नाही. तुम्हाला रागावत नाही मी. ते वाचन आपल्याच ऑफिसात झालं होतं. मूळ सगळं जुन्या कॉम्प्युटरमध्ये होतं. ते कॉम्प्युटर गेल्या शुक्रवारी भंगारात गेले. कागदावर सही मीच केली. मी तर तुमच्या यंत्रासाठी कंपनीच्या मागं लागले होते, पुस्तकाचं माझ्या डोक्यातच आलं नाही."

शुक्रवार म्हणजे पाच दिवस झाले. पहिला फोन केला त्या दिवशी तो कॉम्प्युटर तिथंच, ताईंच्या खोलीत होता.

"ज्यायनं वाचलं ते गुरुजी?" त्यानं विचारलं. "त्यायले पुन्हा..."

"देशपांडे काका? ते करोनात गेले, उकंडराव. तुम्हाला माहीत नव्हतं?"

त्याला माहीत नव्हतं. चार-पाच वर्षं तो वर्षावासात रोज संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसल्यासारखा बसत होता आणि त्याला माहीत नव्हतं.

"मी आणखी दोन ठिकाणी विचारते," ताई म्हणाल्या. "कोणाकडं प्रत असेल तर बघू." प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्यावरही कोर्टातले साहेब काम देऊ म्हणून नुसतं सांगायचे, तेव्हा त्यांचा आवाज असाच यायचा. "हो ताई," तो म्हणाला.

मथुराबाईनं पुढं ठेवलेलं जेवण त्यानं परत सारलं. ती रात्रीपासून त्याच्याशी बोलली नव्हती. आता म्हणाली, "मले सांगाले काय झालतं? मी काय तुमची जागा घेणार होतो?" आणि मग तीच रडली.

संध्याकाळी सात वाजता विहाराचा भोंगा वाजला. तो उठला नाही. तिनं त्याची काठी आणून हातात दिली, तेव्हा उठला.

राजदीपनं वाचलं. तो ग्रंथही अर्जासारखाच वाचत होता, एका दमात, आणि जोडाक्षर आलं की ठेचकाळत. अर्ध्याच्या आत मागची रांग उठून गेल्याचं उकंडाला पावलांवरून कळलं. वाचन संपल्यावर राजदीप त्याच्याजवळ आला.

"कसं झालं, काका?"

"घाई करतं तू. लोकायपर्यंत पोचत नाई."

"मंग बसा ना जवळ. थांबायचं कुठं ते सांगत जा."

उकंडानं खिसा चाचपला. नवं यंत्र सदऱ्याच्या खिशात होतं. मथुराबाईचा हात धरून तो पायऱ्या उतरला आणि खालच्या पायरीशी आपल्या चपला पायानं शोधत कितीतरी वेळ उभा राहिला.